नाव नसलेल्या मेंढक्याचं सुंबरान

वर्षभर ज्याला सगळी शाळा ‘ओ मामा, गेट उघडा की’ म्हणून हाका मारते, त्याला सव्वीस जानेवारीच्या सकाळी ‘माननीय’ म्हणायचं, ही आमच्या शाळेची रीत आहे. धुळाप्पा बंडगर हे आमचे वॉचमन. माजी सैनिक. त्या दिवशी ते निळा कोट घालतात, छातीला पदकं लावतात, आणि ज्या गेटजवळ रोज स्टुलावर बसलेले असतात त्याच गेटमधून त्यांना वाजतगाजत आत आणलं जातं. तेवढ्यापुरता गेट उघडायला दुसरा माणूस लागतो. तो ऐनवेळी सापडत नाही. मग मामा स्वतःच कडी काढतात, बाहेर जाऊन उभे राहतात आणि पाहुणे म्हणून पुन्हा आत येतात.

मी या शाळेत इतिहास शिकवते. शाळा सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढे, विणकरांच्या वस्तीत. पोरं घरी तेलुगू बोलतात, गल्लीत दख्खनी, वर्गात मराठी, आणि उत्तरपत्रिकेत जी लिहितात ती भाषा कुठली हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. लढाया मी पुष्कळ शिकवल्या. सन, ठिकाण, कारणं, परिणाम. पोरं पाठ करतात आणि चाचणी झाली की विसरतात. त्याचा मला राग येत नाही. मला राग येतो भाषणांचा, आणि आमच्या मुख्याध्यापकांच्या हातात माईक गेला की तो परत घ्यायला कुणी धजत नाही याचा.

मामांच्या लढाईची गोष्ट दर सव्वीस जानेवारीला होते. मामा माइकपासून हातभर लांब उभे राहून सुरू करतात. पूंछकडचा डोंगर. टेकाडावर चौकी. चौकीत सातजण. थंडीच्या तोंडावर एके दिवशी दिवेलागणीला मामा पहाऱ्यावर असताना खालून मेंढरांचा कळप वर चढताना दिसतो. इतरांना त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्या मुलखात बकरवाल नावाचे मेंढपाळ असतात, ते येतजात असतात. पण मामा जातीचे धनगर. त्यांना कळतं की काहीतरी चुकतंय. थंडी आली की कळप डोंगर उतरतात, हा चढतोय कसा? मेंढरं पसरून चालतात, ही एकमेकांना चिकटून का चालली आहेत? आणि कुत्रं का भुंकत नाही? मामा हाळी देतात...

इथे मुख्याध्यापक उठतात. “पाहिलंत मुलांनो! याला म्हणतात सतर्कता! कळपाच्या आडून आलेला शत्रू मामांनी ओळखला, आणि सातजणांनी रात्रभर चौकी लढवली! बोला, भारत माता की...” पोरं जय म्हणतात, बँड वाजतो, पेढे वाटले जातात. मामा तोंड उघडं ठेवून तसेच उभे राहतात, मग सलाम ठोकतात आणि खाली उतरतात. दरवर्षी गोष्ट त्याच ठिकाणी तुटते. मला वाटायचं, तेवढीच आहे.

मग एका सव्वीस जानेवारीला मी चष्मा विसरले म्हणून परत शाळेत गेले. मैदान रिकामं झालं होतं. पताका तेवढ्या फडफडत होत्या. मामा कोटातच स्टेजच्या पायरीवर बसले होते आणि बोलत होते. आधी वाटलं फोनवर बोलतायत. त्यांचा मुलगा मानसिंग कुर्डुवाडीला रेल्वेत आहे, तो सुट्टीच्या दिवशी फोन करतो. पण फोन नव्हता. समोर कुणी नव्हतं. मामा रिकाम्या मैदानाला गोष्ट सांगत होते, अगदी मुलांकडे बघावं तसं डावीउजवीकडे बघत.

मी खाकरले. ते दचकले नाहीत.

“मामा, कुणाशी बोलताय?”

“ऱ्हायलेलं सांगतोय, बाई. अर्धी ठिवली तर त्यो म्हातारा तितंच उभा ऱ्हातो.”

“कोण म्हातारा?”

“तेच की. कोन इचारतच न्हाय.”

चष्मा बाजूला राहिला. मी तिथेच पायरीवर बसले आणि उरलेली गोष्ट ऐकली. आता मी ती त्यांच्यासारखी सांगू शकणार नाही, पण तोडणार तरी नाही.

मामांनी हाळी दिली ती शत्रूला नव्हे, मेंढरांना. कळप थांबवायची त्यांच्या वडिलांची, आबाची, एक हाळी होती. लहानपणापासून ती ऐकली की मेंढरू जागच्या जागी थबकायचं. मामांना वाटलं, मेंढरू ते मेंढरू, मंगळवेढ्याचं काय आणि पूंछचं काय! जगातल्या सगळ्या मेंढरांना आबाची हाळी कळते, असं त्यांना तोवर खरंच वाटत होतं. चौकीतले लोक बंदुका घ्यायच्या ऐवजी हा गडी काय ओरडतोय म्हणून बघत बसले. आणि मेंढरांना काही कळलं नाही. ती आपली चढतच राहिली.

पण कळपाच्या पुढे एक म्हातारा चालत होता. खाली मान घालून चाललेला, दाढी पांढरी, अंगावर कांबळं. तो थांबला. त्याने वर बघितलं. मामा म्हणाले, “त्येला शबुद कळला नसंल बाई, पर मेंढका हाक कशी मारतो ती मेंढक्याला कळती की. त्येनं वळकलं, वर आपल्यातला कोन तरी हाय.” म्हाताऱ्याने दोन्ही हात उंच केले आणि स्वतःची एक हाक दिली. लांबच लांब. एकदा, आणि पुन्हा एकदा. पोतं फाटल्यावर ज्वारी सांडावी तसा कळप दोन्ही अंगांनी उतारावर पांगला. आणि मधल्या मोकळ्या जागेत, वाकून चाललेली, बंदुका घेतलेली माणसं उघडी पडली. म्हाताऱ्याला बंदुकीच्या धाकाने त्यांनीच पुढे चालवलं होतं. पहिली गोळी त्यांनीच झाडली, ती म्हाताऱ्याला पाठीमागून. त्यानंतरची रात्र म्हणजे मुख्याध्यापकांचं भाषण. ते खोटं नाही. सातजण पहाटेपर्यंत लढले, दोघे जखमी झाले, चौकी हातची गेली नाही. उजाडल्यावर कुमक आली.

“सकाळी बगतो तर मेंढरं म्हागारी आलेली,” मामा म्हणाले. “त्येच्याभवती हुबी. एकबी गेलं न्हवतं. आमी त्येला उचलून सावलीला ठिवला. मग पोलीस आलं, घिऊन गेलं. नाव इचारायचं ऱ्हायलं. आठवड्यात आमची पलटण हालली. फुडं लई जनांला इचारलं. कोन म्हनलं राजौरीचा, कोन म्हनलं जम्मूचा. नाव कोनालाच ठावं न्हाय. आन पदक मला दिलं बगा.”

“तुम्ही साहेबांना सांगितलं नाही?”

“सांगितलं की. साहेब म्हनलं, शाबास.”

बाकी आयुष्य असं: मंगळवेढ्याच्या पलीकडे माळावर त्यांची वाडी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. थोरले भाऊ बाळासो अजून कळप राखतात. हे पलटणीतून सुटून आले आणि सोलापुरात राहिले. बायको मायाक्का होती तोवर खोलीत दोन आवाज होते. ती काविळीने गेली. तेव्हापासून मामा शाळेतच जास्त असतात. सुट्टी लागली की पोरं उड्या मारतात आणि मामांचा चेहरा पडतो. दुपारी डबा उघडला की भाकरीचा चतकोर आणि शेंगाचटणी बाजूला काढून कागदावर ठेवतात. मी समजत होते कावळ्याला. कावळाच खातो शेवटी, पण ठेवलेली असते त्या म्हाताऱ्यासाठी.

एकदा मी म्हटलं, “इतका जीव अडकलाय, तर मनातल्या मनात नमस्कार करा आणि सोडा.” मी अशी फटकळच बोलते. त्यावर त्यांनी मला त्यांच्या घरातली रीत सांगितली. वाडीत माघात बिरोबाची यात्रा असते. धनगरी ओव्या होतात. ओवीच्या सुरुवातीला सुंबरान मांडतात, म्हणजे आठवण करतात: आधी देवाची, मग गुरूची, मग पूर्वजांची. बंडगरांच्या सुंबरानात त्यापुढे आणखी काही नावं येतात. कळप राखता राखता जे मेले, त्यांची. कुणाला लांडग्याने फाडलं, कुणी पुरात कोकरासाठी गेला. ज्याचं नाव सुंबरानात आलं त्याला वाडीने आपला मानला. त्याचा जीव मग इकडेतिकडे भटकत नाही.

सुट्टीवर आल्यावर मामांनी आपल्या आबाला विचारलं होतं, तिकडच्या एका म्हाताऱ्याचं नाव घ्याल का? आबा म्हणाले, घेऊ की, नाव सांग. मामांकडे नाव नव्हतं. आबा म्हणाले, “बिननावाचं आवतान कुटं पोचतंय? इचारून ये.” त्या विचारण्यात तीस वर्षं गेली. मधे आबा गेले. मामा यात्रेला जाईनासे झाले. वाडीत लोक म्हणायला लागले, पेन्शन आली आणि ह्याला माज आला. रिकाम्या हाताने जायची लाज वाटते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

“मग देऊन टाका एखादं नाव,” मी म्हटलं. “कुणाला कळतंय?”

मामांना रागावलेलं मी तेवढं एकदाच बघितलं. “खोटं नाव लावलं तर आवतान दुसऱ्यालाच जाईल की, बाई. तुमी इतिहास शिकवता न्हवं?”

 

यंदा सव्वीस जानेवारी झाली, गोष्ट नेहमीच्या जागी तुटली. दुसऱ्या दिवशी मामा स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. बाळासोंचा निरोप आला होता. त्यांचा आवाज बसत चालला होता. यंदाच्या यात्रेत शेवटचं सुंबरान मांडून ते ढोल चुलत पुतण्यांच्या हवाली करणार होते. पुतण्यांना नव्या चालीच्या ओव्या आवडायच्या, मोबाईलवर टाकता येतील अशा. जुनी नावं ते किती घेणार, देव जाणे.

“दादा हाय तवर हुईल. न्हायतर ऱ्हायलंच,” मामा म्हणाले. “तुमी येता का, बाई? माजं तितं कोन ऐकत न्हाय. तुमी शिकलेल्या. तुमी सांगा.”

मी गेले. मंगळवेढ्यापर्यंत एसटी, पुढे जीप. मामांनी निळा कोट घातला नव्हता. धोतर, घोंगडं, डोक्याला पटका. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आपले मामा हेच, असं वाटलं.  माळ लागल्यावर म्हणाले, “मेंढरं कमी झाली.”

देवळापुढे ऊन तापलं होतं. भंडाऱ्याने माती पिवळी झाली होती. गजी नाचणारे गडी गोल कडं धरून उभे होते, हातात रंगीत रुमाल. यात्रेला आणलेली मेंढरं बाजूला बाभळीखाली दाटीवाटीने उभी. मध्यभागी ढोलापाशी बाळासो. मामांपेक्षा वाळलेले, मामांपेक्षा ताठ.

मामा पुढे झाले. पाया पडले. बाळासोंनी भावाच्या कपाळाला भंडारा लावला आणि विचारलं, “नाव घावलं व्हय रं, धुळा?”

म्हणजे ते विसरले नव्हते. मामांनी मान हलवली. न्हाय.

मी सांगितलं. शिकलेली ना मी! चौकी, कळप, गोळी, सगळं मुद्देसूद. लोक ऐकत होते, पण जशी माझी पोरं ऐकतात तसे. त्यांचा चुलतभाऊ आदिनाथ, गावातला पुढारी, म्हणाला, “बाई, तुमचं बराबर हाय. पर नाव न्हाय, गाव न्हाय, देव आपला न्हाय. सुंबरानात काय म्हनायचं? काय तरी म्हनावं लागतंय की.”  मामांनी मला पुराव्यासाठी आणलं होतं आणि माझ्याकडे त्याच्यापुढचं काही नव्हतं. हातात घेतलेलं काम असं अंगाशी आलेलं मला कधी आठवत नाही.

मामा कड्याच्या मधे गेले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हाक दिली.

ती आपल्याकडची नव्हती, एवढंच मला सांगता येईल. सुरुवात घशातून, मग एकदम उंच, आणि शेवट असा लांबत गेलेला की संपला कधी ते कळू नये. अर्ध्यात त्यांचा आवाज फाटला. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा दिली. दोन पोरं फिस्सकन हसली. एकाने मोबाईल वर धरला. बाभळीखालची मेंढरं रवंथ करत जागची हलली नाहीत.

बाळासो मात्र उठून उभे राहिले होते. त्यांनी मेंढरांकडे बघितलं, मग माळाकडे, लांडगा दिसावा तसं.

“ही पांगवायची हाक हाय,” ते म्हणाले. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मुद्देसूद कहाणीत मी ‘हाक दिली’ एवढंच म्हटलं होतं. “ही देऊन त्यो म्येला?”

“व्हय, दादा.”

“आन मेंढरं?”

“येकाला खरचटलं न्हाय.”

“मंग मेंढका हाय त्यो,” बाळासो म्हणाले. “नाव कशाला लागतंय? बसा रं.”

आदिनाथ काही म्हणणार होता, पण ढोलावर टिपरू पडलं. बाळासोंनी देव घेतला, गुरू घेतला, आबा घेतले, लांडग्याने फाडलेला घेतला, पुरात गेलेला घेतला. मग थांबले. बसलेल्या आवाजात त्यांनी पुढचं जुळवलं, तिथल्या तिथे:

नाव ठावं न्हाय गा, गाव ठावं न्हाय,
डोंगराच्या अंगाला मेंढका उबा ऱ्हाय,
पाठीला बंदूक त्याच्या, मेंढरं त्याची माय,
कळप पांगवून गेला, त्याचं सुंबरान हाय.

चौथ्या ओळीला कड्यातल्या सगळ्यांनी ‘हाय’ धरला. फिस्सकन हसलेल्या पोरांनीही धरला. रुमाल फिरले, भंडारा उधळला गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भंडाऱ्यामुळे नव्हतं. तीस वर्षांनी एका माणसाचं काम झालं होतं आणि मी ते बघायला हजर होते. मी मामांना शोधायला वळले. त्यांचा चेहरा बघायचा होता.

मामा कड्यात नव्हते. देवळामागे, जिथे टेम्पो लावले होते तिथे, एका धोंड्यावर पाठ करून बसले होते. मला वाटलं, आनंदाने रडत असतील. थोडं थांबून जवळ गेले. रडत नव्हते. नुसते बसले होते, हात मांड्यांवर टाकून, एसटी चुकलेल्या माणसासारखे.

“मामा, झालं की! चला ना. तुमचा म्हातारा आता सगळ्या वाडीचा झाला.”

“व्हय,” ते म्हणाले.

पलीकडे ढोल चालू होता. 

“चांगलं झालं, बाई. त्येचं चांगलं झालं. तीस वर्सं लई ताटकळला,” ते म्हणाले. “मायाक्का गेल्यावर खोलीत त्योच हुता. रोज सांजंला यायचा. मी सांगायचो, आज शाळंत असं झालं, तसं झालं. आता त्येला कशाला बोलवू? त्येला जागा घावली.”

त्यांनी घोंगडं सारखं केलं.

“आता माज्यापाशी कोनच न्हाय ऱ्हायलं.”

 मी धोंड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. शाळेत परतल्यावर मी दुपारचा डबा गेटपाशी नेऊन खायला लागले आहे. मामा सरकून जागा देतात, विचारपूस करतात, माझ्या भाजीत मीठ जास्त झालं की सांगतात. कागदावर चतकोर आता काढत नाहीत. पूर्ण भाकरी संपत नाही त्यांना. उरलेली डब्यात तशीच बंद करून घरी नेतात.